चार चाकांचा हट्ट

पैज लागली ती कचऱ्याच्या डब्यांपाशी. लार्चफील्ड क्लोजमधल्या बहुतेक भानगडी तिथेच जन्माला येतात. शुक्रवारी सकाळी अख्खी गल्ली गाउन-सपाता घालून डबे ओढत बाहेर येते, आणि डबा ठेवून लगेच आत पळणारा माणूस तिथे शिष्ट समजला जातो.

नेव्हिल क्रॅबट्रीने आपला डबा लावला, कमरेवर हात ठेवले आणि समोरच्या एन्टव्हिसलांच्या दारातली नवी कॅरॅव्हॅन, गाडीमागे ओढत न्यायचं चाकांवरचं घर, डोळे भरून पाहिली. काय ऐसपैस चीज होती ती. जुनी म्हणजे दोन चाकांवरचं खुराडं. रात्री टेबल पाडून गाद्या जुळवायच्या तेव्हा कुठे झोपायला मिळायचं. ही चार चाकांची, एका बाजूला दोन, दुसऱ्या बाजूला दोन. आदल्या दिवशी लिनेट एन्टव्हिसलने त्याला बूट काढायला लावून आत नेलं होतं. कायमचा मांडलेला पलंग, उभं राहून अंघोळ करता येईल अशी न्हाणी, अख्खी कोंबडी भाजता येईल असा ओव्हन. नेव्हिल पलंगावर बसून दोनदा उसळला होता आणि म्हणाला होता की बायकोने हाकललं तर मी इथेच येणार.

"काय ग लिनेट," तो म्हणाला, "उद्या एक एप्रिल. हिचं तोंड कुठल्या दिशेला हवंय तुला?"

लिनेट हसली, पण मनापासून नाही. कारण सगळ्या गल्लीला ठाऊक होतं.

जुन्या कॅरॅव्हॅनची गोष्टच वेगळी होती. दर एक एप्रिलला नेव्हिल दोन मित्र घेऊन यायचा आणि ती जागच्या जागी गर्रकन फिरवून ठेवायचा. दोन चाकांवर ती भोवऱ्यासारखी फिरायची. मग लिनेटचा नवरा गॉर्डन चहाचा मग घेऊन बाहेर यायचा, दार उघडायला हात पुढे करायचा आणि हातात यायचं कुंपण. तो इतका हसायचा की पायरीवर बसायला लागायचं. ते हसू नेव्हिलला वर्षभर पुरायचं.

पण गेल्या उन्हाळ्यात शॅपच्या उतारावर, मोटरवेवर, एक लांबलचक लॉरी शेजारून सुसाट गेली आणि तिच्या वाऱ्याने कॅरॅव्हॅनचं शेपूट डोलायला लागलं. एकदा इकडे, एकदा तिकडे, मग गाडीलाच घेऊन. गॉर्डनने कशीबशी सावरली. फुटल्या त्या फक्त बश्या. त्या दिवसापासून त्याने कॅरॅव्हॅनला हात लावला नाही. हसणंही तिथेच कुठेतरी सांडलं. जुनी विकली. लिनेटने शिकवणी लावून ओढायला शिकून घेतलं, ही मोठी आणली, म्हणाली गाडी मी चालवीन, तू नुसता शेजारी बस. गॉर्डन म्हणाला, मोठी म्हणजे डोलायला मोठं शेपूट. आत पाऊलसुद्धा टाकलं नाही त्याने. शेवटी ठरलं की सोमवारी डीलर येऊन परत घेऊन जाईल. आणि मग दर वर्षीचा बँबरोचा किनारा, खुर्च्या टाकून समुद्राकडे बघत बसणं, सगळं संपलं.

"एकटीने जाऊन काय करू," लिनेट डब्याचं झाकण लावत म्हणाली. "दोन कप मांडून एकटीच चहा पिऊ?"

अशा वेळी नेव्हिल नेहमी जे करतो तेच त्याने केलं. म्हणाला, लावतेस पैज? उद्या बाराच्या आत हिचं तोंड माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडे वळवून दाखवतो. नुसत्या हातांनी.

लिनेटने क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. मग म्हणाली, लावते. चाकाचं कुलूप काढते, हँडब्रेक सोडते, वर तुला हवी तेवढी माणसं आण. जिंकलास तर कॅरॅव्हॅनच्या पाठीवर पाटी लावीन, 'तोंड कुठे करायचं ते नेव्हिल ठरवतो', आणि डीलरला तशीच देईन. हरलास तर माझा झालरीचा एप्रन आणि रबरी फुलांची पोहायची टोपी घालून, चारचौघांत, ही छपरापासून चाकापर्यंत धुवायची.

पंच म्हणून समोरच्या पिलिंगबाई नेमल्या. जन्मभर शाळेच्या खानावळीत पोरांना वाढलेलं, त्यामुळे त्यांच्यापुढे लबाडी चालत नाही. त्यांनी एकच अट सांगितली: बाराचा ठोका पडला की एप्रिल फूलची खोडी ती करणाऱ्याच्याच अंगावर उलटते, तेव्हा नंतर कुरकुर नको.

शनिवारी सकाळी लिनेट नवऱ्याला घेऊन रोपं आणायला म्हणून गाडीतून गेली. गाडी वळणाआड होते न होते तोच नेव्हिल पबच्या बोलिंग टीममधल्या सगळ्या गड्यांना घेऊन हजर. मोठी कॅरॅव्हॅन म्हणजे जास्त माणसं, एवढा साधा हिशोब त्याने केला होता. पुढच्या टोकाला चौघे लावले, मागच्या कोपऱ्याला बाकीचे, आणि स्वतः मधे उभं राहून तोंडाने जोर लावला.

"हं, ढकला. बायकोने भिंत रंगवायला सांगितलीय असं समजा आणि पळत सुटा."

नाक हातभर सरकलं. गडी खूश झाले. त्यांनी दम घ्यायला हात सोडले आणि नाक आपलं हळूच परत जागेवर. टायर नुसते पिळले होते, सरकले नव्हतेच. एकामागे एक लावलेली ती चाकं, वळायचं म्हटलं की प्रत्येकाला आडवं फरफटत न्यायला हवं. सरळ रेषेत ती ढकलली जात होती, कुंथत का होईना, पण वळायला तयार नव्हती. पुन्हा जोर लावला. खडीचे ढिगारे झाले. गटात सगळ्यात आडवा असलेला डग, एरवी जो पियानो उचलतो, खाली बसला आणि म्हणाला, नेव्हिल लेका, तू हिला विचारलंयस का, तिला वळायचंय का ते.

नेव्हिल घामाघूम झाला होता, पण मनातून त्याला कौतुकच वाटायला लागलं होतं. आयुष्यभर त्याने जे काही हलवायचं ठरवलं ते हललं होतं. ही बया ढिम्म. त्याने तिच्या पत्र्यावर थाप मारली, जशी चांगल्या बैलाच्या पाठीवर मारतात.

शेवटचा जोर चालू असतानाच चर्चच्या घड्याळात बारा वाजले. आणि पिलिंगबाईंच्या घराचं दार उघडलं. आधी पिलिंगबाई आल्या, मग लिनेट, आणि तिच्यामागे हातात चहाचा मग घेतलेला गॉर्डन. रोपं आणायला कुणी गेलंच नव्हतं. गाडी कोपऱ्यावर लावून दोघं मागच्या दाराने पिलिंगबाईंच्या बैठकीत शिरले होते आणि सकाळभर जाळीच्या पडद्याआडून सगळा तमाशा बघत होते.

नेव्हिलने लिनेटकडे पाहिलं. तिचा चेहरा असा साधा, जशी आताच प्रार्थनेहून आलीय. त्याच्या लक्षात आलं, की शुक्रवारी डब्यांपाशी पैज त्याने लावलीच नव्हती. त्याला लावायला लावली होती.

गॉर्डन सरळ कॅरॅव्हॅनपाशी गेला. चहाचा मग खाली ठेवला. पुढच्या टोकाला खांदा लावून स्वतः ढकलून पाहिलं. नाक सरकलं आणि परत आलं. त्याने पायाने खडीचे ढिगारे चाचपले, चाकांच्या मधल्या फटीत वाकून बघितलं.

"जुनी तुम्ही तिघं फिरवायचात," तो म्हणाला.

"गप्पा मारत," नेव्हिल म्हणाला.

"ही डोलत नाही म्हणे. सेल्समन विकायला बोलतो. बायको धीर द्यायला बोलते." गॉर्डनने पहिल्यांदा वर पाहिलं. "पण तुला हरायचं नव्हतं ना रे."

"अजिबात नव्हतं," नेव्हिल म्हणाला, आणि हे तो क्वचितच बोलतो तसं खरं होतं.

गॉर्डनने मग उचलून चहाचा घोट घेतला आणि म्हणाला, इतक्या गड्यांना जी वळली नाही, ती लॉरीच्या वाऱ्याला काय डोलणार. मग म्हणाला की उतारावर हळूच जायचं, आणि सामान चाकांच्या वर ठेवायचं, मागे नाही. लिनेट म्हणाली, बरं. एवढंच म्हणाली, पण फोन करायला आत गेली ती जवळजवळ धावतच. डीलरला सोमवारी यायची गरज उरली नव्हती.

दुपारी सगळी गल्ली खुर्च्या घेऊन जमली. पिलिंगबाईंनी बेकन-पाव वाटले. नेव्हिल झालरीच्या एप्रनमध्ये, डोक्यावर पिवळी-गुलाबी रबरी फुलं हलवत, बादली घेऊन बाहेर आला तेव्हा त्याच्या सख्ख्या बायकोने सगळ्यात मोठी शिट्टी मारली. त्याने वाकून सगळ्यांना मुजरा केला आणि शिडी चढला. छप्पर धुतलं, बाजू धुतल्या, चारही चाकं तर गुडघे टेकून धुतली, कारण शत्रू झाला तरी शत्रू मानाचा होता.

तेवढ्यात आतून काचेवर टकटक झाली. पलंगावर, उशीला टेकून, सपातांसकट पाय पसरून गॉर्डन बसला होता. त्याने बोटाने खिडकीचा कोपरा दाखवला, जिथे साबण राहिला होता. नेव्हिलने तिथे स्पंज फिरवला. गॉर्डनने दुसरा कोपरा दाखवला. मग तिसरा, जो स्वच्छच होता. टोपीवरची फुलं डोळ्यांवर आली तशी नेव्हिलने ती मागे सारली आणि बघितलं, तर काचेपलीकडे गॉर्डन पोट धरून पलंगावर आडवा झाला होता.