आठ मिलिग्रॅम

आमच्या नणंदबाई म्हणजे कारखान्याच्या स्टोअरच्या प्रमुख. घरी त्या माझ्या डब्यांची झाकणं मोजतात, स्टोअरमध्ये स्क्रू. मी त्याच कारखान्याच्या प्रयोगशाळेत. आणि आमचे साहेब म्हणाले, "मॅडम, तुमचा प्रयोग फसला तर सोमवारपासून तुम्ही स्टोअरमध्ये, त्यांच्या हाताखाली." घरी वन्सं, कामावर वन्सं? नको गं बाई!

प्रयोग तसा साधा. पोलादावरचा गंज काढायला आम्ही ते अ‍ॅसिडात बुडवतो. पण मेलं ते अ‍ॅसिड गंजाबरोबर पोलादही खायला लागतं. मी म्हटलं, त्यात थोडं टॅनिक अ‍ॅसिड घालू, ते पोलादावर पातळ थर धरतं आणि झीज रोखतं. साहेब खो खो हसले. "अ‍ॅसिडापासून वाचवायला अ‍ॅसिडच?" हसा लेको, म्हटलं. अर्थात मनातल्या मनात.

पोलादाचे दोन तुकडे वजन करून घेतले. एक नुसत्या अ‍ॅसिडात सोडला, दुसरा टॅनिकवाल्यात. दुसरा दहा मिलिग्रॅमपेक्षा जास्त झिजता कामा नये, ही साहेबांची अट. दुसऱ्या दिवशी त्यांच्यासमोर तुकडे धुतले, वाळवले, काट्यावर ठेवले. पहिला चाळीस मिलिग्रॅमनं घटला. दुसरा आठ मिलिग्रॅमनं वाढला!

"वाढला?" साहेबांचा आवाज चढला. "पोलाद काय जेवत बसलं होतं? आकडे फिरवता? चला, स्टोअरमध्ये!" मी अगदी रडकुंडीला आले.

तेवढ्यात वन्सं हातमोज्यांचं खोकं घेऊन आल्या. तुकड्यांकडे बघितलं आणि कडाडल्या, "ही माझी नेलपॉलिश! वहिनी, परवापासून घर पालथं घातलंय मी!"

मी जीभ चावली. अ‍ॅसिडात शाई टिकत नाही, म्हणून तुकड्यांवर एक आणि दोन हे आकडे मी नेलपॉलिशनं काढले होते. वजन करून झाल्यावर! इतकी वर्षं काटा सांभाळतेय आणि ही अक्कल.

अ‍ॅसिटोननं आकडे पुसून पुन्हा वजन केलं. दुसरा तुकडा फक्त चार मिलिग्रॅमनं झिजला होता. मी चक्क वन्संना मिठी मारली. "बदली रद्द!" साहेब म्हणाले.

मग ते वन्संकडे वळले. "काय नजर आहे हो तुमची! स्टोअरमध्ये वाया जातेय. सोमवारपासून तुम्ही या प्रयोगशाळेच्या प्रमुख."

वन्संनी लगेच टॅनिकच्या बाटल्यांची झाकणं मोजायला घेतली.

मी साहेबांच्या मागे धावले. "साहेब, स्टोअरमधली जागा आता रिकामीच असेल ना?"