स्नेहलचे दहा सेकंद

"पळ की गं संयोगिता! काटा काय तुझ्यासाठी थांबायचा न्हाय!"

जोतीराम सरांचा तो आवाज अजून माझ्या पोटात घुमतो. मित्रांनो, मी त्यांच्या गळ्यातलं जुनं, किल्ली द्यायचं स्टॉपवॉच. सर थकले तेव्हा त्यांनी मला त्यांच्या या लाडक्या खेळाडूच्या हातात ठेवलं. आता संयोगिता मॅडम कोल्हापुरात मुलींना हॉकी शिकवतात आणि मी त्यांच्या गळ्यात झुलतो.

सकाळी मैदान धुक्यात बुडालेलं असतं. रस्त्यावरून दुधाच्या किटल्या वाजत जातात. तीस सेकंद जीव तोडून पळायचं, तीस सेकंद सावकाश चालायचं, अशा आठ फेऱ्या. धाव गं धाव, थांब गं थांब. त्या तालावर माझा काटा गिरक्या घेतो. मला आवडतात ते चालण्याचे सेकंद. मुलींच्या अंगाची वाफ धुक्यात मिसळते, आणि वाटतं, सगळ्याजणी ढगांतून चालल्या आहेत.

मॅडमच्या लेकीला, स्नेहलला, मात्र ते ढग पुरते लाभत नसत. बाकीच्या चालत असतानाच, विसाव्या सेकंदाला हाक यायची, "स्नेहल, पळ!"

"मॅडम, हिला काय तीन फुफ्फुसं हायत व्हय?" त्रिशला एकदा म्हणाली. पोरी हसल्या. मॅडम हसल्या नाहीत. इतरांना "शाब्बास" मिळे. स्नेहलला नुसतं "अजून". मला लाज वाटायची, पण मला तोंड कुठं आहे? नुसता काटा आहे.

जिल्ह्याच्या संघाची निवड चार दिवसांवर आली होती. त्या सकाळी सातव्या फेरीत स्नेहलचे पाय वळले आणि ती गवतावर कोसळली.

मित्रांनो, जोतीराम सर मला किल्ली देताना शेवटचे दोन वेढे नेहमी सोडून देत. म्हणून माझी स्प्रिंग आजवर शाबूत आहे. तुमच्या हाती जे कुणी असेल, वस्तू असो की माणूस, त्याचे दोन वेढे सोडून द्या.

त्रिशलानं तोंडावर पाणी मारलं. स्नेहलनं डोळे उघडले. "आई, मी निवडीला येत न्हाय. मला जमत न्हाय, तुला पण ठावं हाय."

मॅडम मैदानावर कधी आई होत नसत. आज त्या खाली बसल्या आणि लेकीचं डोकं मांडीवर घेतलं. मी दोघींच्या मधे लोंबत होतो.

"लोक म्हणतील, मॅडमनं लेकीला घुसवलं. त्या भ्यानं तुझे दहा सेकंद कापत आले. चुकलं माझं." त्यांचा आवाज ओला झाला. "बाळा, या मैदानावर तुझ्याइतकं कोण पळत न्हाय. दिवाळीपासनं बघतेय मी. सांगितलं न्हाय एवढंच."