मागचा आवाज

खोलीत दोन प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या, एक लोखंडी खाट, एक कूलर, भिंतीवर एक घड्याळ आणि त्याच्याखाली फळीवर बुद्धाची वीतभर मूर्ती. टेबल नव्हतं, त्याचं काम पत्र्याची पेटी करायची. पेटीवर मोबाइल, विषयांच्या छापील चिठ्ठ्या एकतीस आणि दोनशे पानी वही एक. खिडकी एकच, ती बंद, कारण बाहेर अमरावती रोड होता आणि वाडीच्या गोदामांकडे वळणारे ट्रक नेमके तिथंच गिअर बदलत. माणसं दोन: सोनिका, आणि तिच्या पाठीमागे खाटेवर स्टीलचा ग्लास आणि चमचा घेऊन बसलेले तिचे वडील बाबाराव. आई जाऊन सहा वर्षं झाली होती.

इंग्रजीची परीक्षा तीस मेला होती. त्यातल्या एका भागाची सोनिकाला धास्ती होती. परीक्षक विषयाची चिठ्ठी हातात देतो, विचाराला एक मिनिट देतो, आणि मग दोन मिनिटं आपण एकटीनंच बोलत राहायचं असतं. जानेवारीत ती एक मिनिट दहा सेकंदांवर गप्प झाली होती आणि बोलण्यात सहा मिळाले होते. हवे होते सात. सात मिळाले तरच परदेशातल्या विद्यापीठातली पीएच.डी.ची जागा कायम होणार होती, आणि ती जागा त्यांनी पंधरा जूनपर्यंतच धरून ठेवली होती.

सोनिका रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेली. दुपारी बारा ते आठ ती एका प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासायची. रोज सकाळी साडेदहाला घरात रेकॉर्डिंग व्हायचं. कूलरचा आवाज येतो म्हणून तो तेवढ्यापुरता बंद. ती भिंतीकडे तोंड करून बसायची, कारण वडिलांकडे पाहिलं की तिला हसू यायचं. बाबारावांची नजर घड्याळावर असायची. बरोबर दोन मिनिटं झाली की ते चमचा ग्लासावर वाजवायचे.

सध्या रोज एकच विषय होता, तुम्हाला उपयोगी गोष्ट शिकवणारी व्यक्ती. तो नीट बसला की पाच-सहा विषयांना पुरतो, असं क्लासच्या रजत सरांचं म्हणणं होतं. सर शहराच्या दुसऱ्या टोकाला, नंदनवनला राहायचे. रेकॉर्डिंग फोनवर मागवून घेऊन ते गुण कळवायचे.

ती व्यक्ती म्हणजे बाबारावच. सव्वीस वर्षं त्यांनी गोदामात सिमेंटची पोती वाहिली. शिक्षण तिसरीपर्यंत. वीस पोती उतरली की एक खडा खिशात, असा त्यांचा हिशेब होता, आणि संध्याकाळी खडे मोजले की कारकुनाला आपली वही दुरुस्त करावी लागायची. सोनिका पाच वर्षांची असताना त्यांनी तिला खड्यांवर मोजायला शिकवलं होतं. हे सगळं ती इंग्रजीत सांगायची. बाबारावांना त्यातले दोनच शब्द कळायचे.

"आज कितीदा फादर म्हणली मी?"

"आठ. काल सहा होते. तू मले रोज जास्त भाव देऊन राहिली."

"अन् बॅग?"

"पाच. सव्वीस साल पोते उचलले, अन् तुया भाषणात पाचच?"

वहीत तीन रकाने होते: कालावधी, दोन सेकंदांपेक्षा मोठे थांबे, आणि खोकला. बाबारावांना मार्चपासून खोकला होता. तो मोजण्यामागे तिचं कारण सरळ होतं. आपण अडखळतो ते आपल्या चुकीनं की मागच्या आवाजानं, हे वेगळं काढायला हवं. सहाव्या रेकॉर्डिंगमध्ये कालावधी एक मिनिट एकतीस सेकंद, थांबे सात, खोकला तेरा वेळा.

ते रेकॉर्डिंग रजत सरांनी गुण न देताच परत केलं. सोबत त्यांचा आवाजी निरोप होता आणि तो सोनिकानं स्पीकरवर लावला.

"मॅडम, मागे कोण खोकतंय? तुमचं वाक्यच ऐकू येत नाही. क्लीन पाठवा, मग मार्क देतो."

बाबाराव चहा गाळत होते. गाळणी धरलेला हात थांबला, मग पुन्हा हलला.

"सरले सांग, उद्यापासून क्लीन."

"बाबा, तुमी बाहेर बसा ना तेवढा वेळ."

"मंग ग्लास कोण वाजवन? तुहा सर?"

दुसऱ्या दिवशी खोकला आठ वेळा. नवव्या रेकॉर्डिंगमध्ये तीन. अकराव्यात शून्य, आणि तिथून पुढे शून्यच. दोन मेला सोनिकानं औषधाच्या दुकानातून खोकल्याची बाटली आणली होती. तिनं समासात 'औषध सुरू' असं लिहिलं आणि तारखेखाली रेघ ओढली. दवाखान्यात न्यायचं तिनं परीक्षेनंतरपर्यंत लांबवलं. त्याच आठवड्यात बाबाराव रात्री खाट दाराबाहेर टाकून झोपायला लागले.

"आत लय उकडते," ते म्हणाले.

मे महिना होता. अर्धी गल्ली बाहेरच झोपायची. आत सोनिकाच्या उशाशी कूलर घरघरत असायचा आणि बाहेरचं काही ऐकू येत नसे.

पंधरा तारखेला समोरच्या तुळसाबाईनं तिला नळावर गाठलं.

"काहून वं सोनिका, तुहा बाप रातभर खोकलते. तुले काही ऐकू नाही येत का?"

"कमी झाला मावशी. मायाजवळ लिहून आहे."

"लिहून आहे म्हणते. मंग त्या वहीलेच ने दवाखान्यात."

सोनिकानं घरी येऊन वडिलांना विचारलं.

"तुळसाबाईच्या दारात कुत्रं भुकलं तरी तिले मीच खोकललो वाटते," बाबाराव म्हणाले. "तुया वहीत काय लिहून आहे?"

"शून्य."

"मंग झालं."

एकवीस मेला तेविसावं रेकॉर्डिंग झालं. तिचं वाक्य कुठंही तुटलं नाही. शेवटचा मुद्दा संपवून तिनं एक नवं वाक्य जोडलं, ते संपलं, आणि मग मागे चमचा वाजला. दोन मिनिटं चार सेकंद. इतकं लांब ती कधीच बोलली नव्हती. थांबे शून्य, खोकला शून्य. ती वळली तेव्हा बाबाराव पुढं वाकून, दोन्ही हातांनी दुपट्टा तोंडावर दाबून बसले होते. घाम पुसत असतील, असं तिला वाटलं. तिनं कूलर लावला, डबा घेतला आणि कामाला गेली. वाटेत रजत सरांचा निरोप आला: सात.

तीन वाजता तुळसाबाईचा फोन आला. धाप लागून बाबारावांना बोलता येत नव्हतं.

मेडिकल कॉलेजच्या वॉर्डात निवासी डॉक्टर सोनिकाच्याच वयाच्या होत्या. त्यांनी विचारलं, त्रास कधीपासून आहे, वाढला कधी? सोनिकानं पिशवीतून वही काढून दिली. डॉक्टरांनी रकान्यावरून बोट खाली नेलं.

"हे कधी मोजलंय?"

"सकाळी साडेदहाला."

"किती वेळ?"

"दोन मिनिटं. मी बोलत असताना."

"आणि बाकीचा दिवस?"

सोनिकानं पलंगावरच्या वडिलांकडे पाहिलं. बाबारावांनी तोंडावरचा मास्क बोटानं बाजूला केला.

"पोरीले काही नका म्हणू, डॉक्टरबाई." ते एकेक शब्द वेगळा करून बोलत होते. "पोतं खांद्यावर असलं का खोकलता येत नाही. तोल जाते. ट्रकपासून थप्पीपर्यंत दाबूनच चालावं लागते. दोन मिनिटं म्हणजे काही जास्त नाही."

डॉक्टरांनी मास्क पुन्हा नीट बसवला. मग मनगटावरच्या घड्याळाकडे आणि बाबारावांच्या छातीकडे आळीपाळीनं पाहत त्या मिनिटभर उभ्या राहिल्या.

"खोकला माणूस थोडा वेळ दाबू शकतो," त्या सोनिकाला म्हणाल्या. "श्वास दाबता येत नाही. मोजायचा तो. स्वस्थ बसलेल्या माणसाचा मिनिटाला बारा ते वीस असतो."

"बाबांचा किती आहे?" सोनिकानं विचारलं.

डॉक्टरांनी आकडा सांगितला नाही, कागदावर लिहिला आणि त्या नर्सला हाक मारायला गेल्या.

बाबाराव सव्वीस तारखेला पहाटे गेले. आदल्या संध्याकाळी त्यांनी बोटांनी तीन आणि शून्य दाखवलं होतं, आणि सोनिकानं मान हलवली होती. तीस तारखेला ती परीक्षेला गेली. चिठ्ठीवर एका प्रवासाचं वर्णन करा, असं होतं. वडील त्यात बसत नव्हते, बसवावेत असं तिला वाटलंही नाही. परीक्षकानं हात वर करेपर्यंत ती बोलत राहिली.

तेरा जूनला निकाल आला. बोलण्यात सात. तिनं तो विद्यापीठाला पाठवला आणि जागा कायम झाल्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं.

उत्तर वाचून झाल्यावर तिनं कूलर बंद केला, कानात इअरफोन घातले, आवाज पूर्ण वाढवला आणि पहिलं रेकॉर्डिंग लावलं. तिच्या इंग्रजीच्या खाली दुसरा एक आवाज होता. तो इतके दिवस तिनं ऐकला नव्हता. आत, बाहेर. आत, बाहेर. तिनं वहीत पट्टीनं चौथा रकाना आखला. मध्येच ट्रक गेला की ती मागे जाऊन तो तुकडा पुन्हा ऐकायची. प्रत्येक रेकॉर्डिंग तिनं तीनदा मोजलं आणि तिन्ही आकडे जुळले तरच लिहिलं. दुपारचे पावणेदोन वाजले, कामावर जायची वेळ टळून गेली.

पहिलं रेकॉर्डिंग: श्वास मिनिटाला बावीस.

सहावं: चोवीस.

अकरावं: एकोणतीस.

सतरावं: तेहतीस.

तेविसावं: दोन मिनिटं चार सेकंद, थांबे शून्य, खोकला शून्य, श्वास मिनिटाला अडतीस.