चरा नसलेली रेकॉर्ड

"बेव्ह, ते सॉसेज रोल काय अंडी उबवायला ठेवलेस का?" बैठकीच्या खोलीतून नाइजेल ओरडला आणि पाठोपाठ त्याची बायको शेरिल खिदळली.

"आणतेय. तोंडं भाजतील तुमची म्हणून थांबलेय," बेव्हर्ली म्हणाली.

रोल केव्हाच कोमट झाले होते. ओट्याला टेकून ती आणखी थोडा वेळ उभी राहिली, मग ताट उचलून बाहेर गेली.

मे महिन्यातला हा शनिवार स्टॉकपोर्टमधल्या या घरात हेदरचा म्हणून ओळखला जाई. हेदर म्हणजे बेव्हच्या नवऱ्याची, क्लाइव्हची, पहिली बायको. तिला जाऊन सहा वर्षं झाली होती, पण तिच्या वाढदिवसाच्या आसपास तिचे हे दोन जिवलग आपापली एकेक रेकॉर्ड काखोटीला मारून यायचेच. रेकॉर्ड नव्वदच्या दशकातलीच हवी. त्यात हयगय नाही. शेरिलने एकदा दोन हजार एक सालची आणली, तर नाइजेलने ती तिला पिशवीतून बाहेर काढू दिली नव्हती. सुरुवात मात्र हेदरच्या लाडक्या रेकॉर्डने व्हायची. 'वेट कॅनरीज' नावाची चार पोरं होती, सॅल्फर्डच्या बाजूची. त्यांची ती दुसरीच आणि शेवटची रेकॉर्ड. मग पोरं भांडली आणि आपापल्या कामाधंद्याला लागली.

"यंदा तरी सांग, बेव्ह, तुझी कुठली?" शेरिलने रोल उचलत विचारलं.

"मला सगळंच चालतं गं."

"सगळंच चालतं म्हणजे काहीच आवडत नाही," नाइजेल म्हणाला. "सासूच्या हातचं जेवणारा जावई असं बोलतो."

सगळे हसले. बेव्हही हसली. लग्नाला तीन वर्षं झाली होती आणि हा प्रश्न दर वर्षी यायचा. ही मंडळी घामट तळघरांत गिटारी ऐकत होती, शेवटची बस चुकवून पावसात गात घरी जात होती, तेव्हा ती पहिल्या नवऱ्याच्या मासे-बटाट्यांच्या दुकानात तळणीपुढे उभी होती. दुकानात टीव्ही होता, त्यावर फुटबॉल. दुसरं काही लावलं की नवरा झारा आपटायचा. पुढे आईने अंथरूण धरलं. दशक संपलं तेव्हा बेव्हच्या केसांना तेलाचा वास येत होता आणि आवडता अल्बम असा एकही नव्हता.

क्लाइव्ह फडताळाशी गेला. बेव्हने नजर रोलच्या ताटावरच ठेवली.

"अरेच्चा! हिचं कव्हर चकाचक कसं झालं?"

"नवी आणलीय," बेव्ह म्हणाली. "पुन्हा काढलीय म्हणे कंपनीने. जुनीला तो एवढा चरा होता, किती वर्षं तसंच ऐकणार? म्हटलं, तुम्हाला आवडेल."

नाइजेलने शेरिलकडे पाहिलं. क्लाइव्हने कव्हर उलटून पाहिलं, मग म्हणाला, "छान केलंस." मनापासून म्हणाला. तो स्वभावाने तसाच होता. बस चालवतानासुद्धा धावत येणाऱ्यासाठी दार पुन्हा उघडणारा.

त्या चऱ्याची कथा बेव्हला तोंडपाठ होती. स्वयंपाकघरात कधीतरी पार्टी चालू होती, हेदर नाचता नाचता टेबलाला धडकली आणि सुई तबकडीवरून करकरत गेली. तेव्हापासून दुसऱ्या बाजूच्या मधल्या गाण्यात सुई एक ओळ गिळून पुढे उडी मारायची. आणि हे तिघेही, गळे काढून गाताना, नेमके तिथेच अर्ध्या शब्दावर तुटून सुईबरोबर पुढे उडायचे. मग हसायचे. त्या हसण्यात क्लाइव्हचे डोळे पाणावायचे. बेव्हला तबकडीचं काही नव्हतं, पण ते हसणं सुरू झालं की तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

दुसऱ्या बाजूचं ते गाणं लागलं. तिघेही गाऊ लागले. नाइजेलने तर डोळेच मिटले होते. ती जागा आली, तिघे सवयीने अर्ध्यावर तुटले आणि पुढच्या ओळीवर जाऊन आदळले. गाणारा पोरगा मात्र मागेच राहिला. दाराआड वाळत ठेवलेल्या ओल्या कोटाबद्दल तो निवांतपणे काहीतरी सांगत बसला होता. नाइजेल त्याला गाठायला मागे फिरला, शेरिल गप्प झाली. क्लाइव्ह एकटाच दोन-चार शब्द पुढे गेला आणि थांबला.

पोरगा गात राहिला.

"इथे अशी ओळ होती?" शेरिलने विचारलं.

"असेल. विसरलो होतो," नाइजेल म्हणाला.

"काही खास नाही."

"नाहीच."

क्लाइव्हने सुई उचलली. "बेव्ह, जुनी कुठाय?"

"दिली. हमरस्त्यावरच्या त्या दानात आलेल्या जुन्या वस्तू विकणाऱ्या धर्मादाय दुकानात. मंगळवारी."

नाइजेल-शेरिलनी आणलेल्या रेकॉर्डी त्या दिवशी पिशवीतून निघाल्याच नाहीत. शेरिलला एकदम मांजराला खायला घालायचं आठवलं. दारात कोट चढवताना ती बेव्हच्या कानाशी म्हणाली, "अगं, नवी आणायची ती आणायची, जुनी कशाला घालवलीस?"

हाच प्रश्न क्लाइव्हने स्वयंपाकघरात येऊन विचारला. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बेव्हला सोपं गेलं असतं.

"आम्ही तिथे काय करतो ते ठाऊक होतं ना तुला?"

"होतं."

"मग चुकून गेली म्हण. विषय संपेल."

"चुकून नाही गेली." बेव्ह बशा एकात एक घालत होती. "एका ओरखड्यावर तुम्ही तिघं हसता, क्लाइव्ह, आणि मी परक्याच्या लग्नात आल्यासारखी बशा गोळा करत फिरते. बाई गेली, पण तिचा धक्का अजून या घरातल्या टेबलाला लागतोय. मला नको होती ती इथे."

"रेकॉर्ड?"

तिने नळ सोडला, मग बंद केला.

"ती वर्षं तुमच्याकडे आहेत. तिच्याकडेही होती. मी तेव्हा बटाटे सोलत होते. तुम्ही 'आठवतं का' म्हणता ना, तेव्हा मला काय वाटतं माहितीय? मलासुद्धा कुठेतरी धडकायचं होतं रे."

तिला वाटलं, तो आता जवळ घेईल. त्याने नाही घेतलं. तो खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला.

"मला ती परत हवीय, बेव्ह."

"उद्या रविवार. दुकान बंद असतं."

"ठाऊक आहे मला."

तरी सकाळी तो निघालाच. चष्मा चहाच्या कपाशेजारीच राहिला होता. बेव्हने तो खिशात टाकला, झोपायच्या कपड्यांवर कोट चढवला आणि त्याच्या मागून निघाली. देऊ की नको, हे तिचं तिलाच कळत नव्हतं.

तो दुकानाच्या काचेला नाक लावून उभा होता. आत चहाचे संच, बाहुल्या, एक व्यायामाची सायकल, आणि पलीकडे रेकॉर्डींची खोकी. तीही दुसऱ्या टोकाला जाऊन डोळ्यांभोवती हात धरून पाहू लागली. श्वासाने काच धुरकटली, तिने बाहीने पुसली.

"दिसत नाही. गेली वाटतं कुणीतरी घेऊन," क्लाइव्ह म्हणाला. इतक्या हळू, की ते तिला उद्देशून नसावंच.

ती खिडकीखालच्या खोक्यातच होती. निळसर कव्हर, कोपरा दुमडलेला. गेली असेल, एवढे दोनच शब्द म्हणायचे होते. ते ओठांपर्यंत आलेही.

"इकडे," बेव्ह म्हणाली. "खालचं खोकं. पुढून दुसरी. हा घे, आधी चष्मा घाल."

तो आला. त्याला दिसली. त्याने काचेवर बोट टेकवलं.

"उद्या माझी पहाटेची पाळी आहे," तो म्हणाला.

"मी आणीन."

त्याने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. "आणशील?"

"आणीन म्हटलं ना."

त्याने मान हलवली आणि पुन्हा वाकला. तिने पुसून ठेवलेल्या जागेतून तो आत पाहू लागला. बेव्ह कोट छातीशी आवळून बाजूला सरकली, त्याला जागा मिळावी म्हणून.