पोटाखालून वारा

मित्रांनो, मी एक जुना दगड आहे. हसू नका! मॅकडुलान कुळाचा उचलायचा दगड आहे मी. स्कॉटलंडच्या डोंगरातल्या ओढ्यानं मला घासून घासून गोल केलं आणि कुळाच्या सरदारानं आणून आपल्या दारात ठेवलं.

पोराला मिसरूड फुटलं की ते माझ्यापुढे यायचं. मला उचललं, माझ्या पोटाखालून वारा गेला, की झाला तो गडी! मग मोठ्यांच्या पंगतीत त्याला जागा. कितीजणांच्या पाठीत मी उसण भरवली, विचारू नका. पण माणसं जिगरीची. पडायची, हसायची, पुन्हा वाकायची.

पुढे एका सरदाराला माणसांपेक्षा मेंढ्या परवडायला लागल्या. त्यानं घरं उठवली, छपरं जाळली. माणसं जहाजात बसून समुद्रापार गेली. मला कोण नेणार? जाताना एकेकानं माझ्यावरून नुसता हात फिरवला. मग मी कोंबड्यांच्या खुराड्याचं दार अडवत बसलो. गाईंनी माझ्यावर माना खाजवल्या.

अशा कितीतरी पिढ्या गेल्या. मग कुळाचा मेळावा भरवणाऱ्या म्हाताऱ्या टॉर्मडनं मला शोधलं, आंघोळ घातली, चौथऱ्यावर बसवलं. पण बसवलं उलटं! माझ्या पोटाला एक खळी आहे, ती आली वर. "ही पूर्वजांची वाटी!" असं म्हणून टॉर्मड दर उन्हाळ्यात तिच्यात व्हिस्की ओतायचा आणि भाषण ठोकायचा. मी गप्प. फुकटची कोण सोडतं?

गेल्या मेळाव्याला कॅनडाहून इशबेल आली. पन्नाशीची, बेकरी चालवणारी, दंडानं भक्कम.

"आडनाव मॅकडुलान आहे खरं," टॉर्मड म्हणाला, "पण बाई, पूर्वी सरदाराच्या आसऱ्यासाठी कुणीही ते लावायचं. पोतंभर पिठासाठी मॅकडुलान झालेले काय कमी आहेत?"

"काका, बाबा अंथरुणाला खिळलेत. एकच धोशा लावलाय, आपण नक्की कुठले ते बघून ये."

"मग काही पुरावा?"

"काहीच नाही हो. बाबांनी आम्हा पोरांना पिठाचं पोतं उचलायला शिकवलं, तेवढंच."

"बघा, शेवटी पीठच निघालं!"

सगळा मांडव खो खो हसला. इशबेल लालबुंद झाली. तोंड लपवायला म्हणून ती माझ्याकडे वळली आणि तिची नजर वाटीवर खिळली. तिनं हळूच डाव्या हाताची बोटं आत घातली.

"काका, हा दगड उलटा ठेवलाय."

"काय बोलतेस!"

"डावी बोटं खालच्या खळीत, उजव्या हातानं कवेत घ्यायचं, बाबांनी असंच शिकवलंय. आम्ही म्हणायचो, बाबा, पोत्याला कुठली हो खळी? ते म्हणायचे, मला काय ठाऊक, माझ्या बाबांनी असंच शिकवलं."

टॉर्मडचा आ वासलेला तसाच. "म्हणजे इतकी वर्षं मी दगडाच्या बुडाला व्हिस्की पाजतोय?"

चौघांनी मला खाली उतरवून सुलटं केलं. इशबेलनं मला जरा कलतं करून बोटं सरकवली. अचूक! अशीच बोटं मी जहाजं सुटण्याआधी ओळखत होतो. ती वाकली, मला छातीशी घेतलं, आणि मित्रांनो, किती पिढ्यांनी माझ्या पोटाखालून वारा गेला! गुदगुल्या झाल्या हो मला.

आता कुणी हसेना. टॉर्मडनं टोपी काढली. "पोरी, पंगतीत माझ्या शेजारी बस. आणि आधी बाबांना फोन लाव."

"बाबा," ती हुंदके देत म्हणाली, "खळी सापडली."

मित्रांनो, घरातलं म्हातारं माणूस 'हे असंच करायचं' म्हणालं, तर खुशाल कुरकुर करा, पण शिकून ठेवा. आणि आमच्यासारख्या जुन्यांना चौथऱ्यावर चढवण्याआधी डोकं कुठलं न् बूड कुठलं, तेवढं पाहून घ्या.

माझी व्हिस्की मात्र त्या दिवसापासून बंद झाली. चालायचंच!