ज्याला कपाटात ठेवले नाही, ते पुस्तक

मित्रांनो, माझ्या एका कोपऱ्यावर दातांचे ठसे आहेत आणि मधले एक पान गायब आहे. तरीही मला पुस्तकच म्हणा. घर शोधत निघालेल्या बदकाच्या पिल्लाची गोष्ट माझ्या पोटात आहे.

मी छापखान्यात जन्मलो. लहान हातांना लागू नयेत म्हणून माझे कोपरे गोल कापले गेले. मागच्या बाजूला ठळक अक्षरांत छापले, ‘मोफत. विक्रीसाठी नाही.’ गरीब घरांतल्या, नुकतेच चालू लागलेल्या मुलांसाठी आपण आहोत, हे कळल्यावर गठ्ठ्यातले आम्ही सगळे हरखून गेलो.

आम्हाला एका दवाखान्यात नेले. तिथे लहान मुलांना लस टोचत. पुस्तके देणाऱ्या संस्थेच्या प्रमुखांना सगळे मोठ्या बाई म्हणत. त्यांनी एकेका मुलाच्या हातात एकेक पुस्तक दिले. मी भिंगरीच्या हाती आलो. जेमतेम अडीच वर्षांची पोर, एका जागी ठरत नसे म्हणून हे नाव. तिने मला उलटे धरले, हुंगले, चाटले. बदकाच्या चोचीवर बोट ठेवले आणि चावेल म्हणून झटकन मागे घेतले. मला हसू आवरेना.

मग फोटो निघाला आणि लगेच एक मदतनीस खोके घेऊन आला. तो मुलांच्या हातातली पुस्तके परत घेऊ लागला.

आपलेच काहीतरी चुकतेय असे मला वाटले. पण नाही, एकेक पुस्तक खरोखरच खोक्यात पडत होते. दोन-तीन मुले रडली. बाकीच्यांनी मुकाट्याने देऊन टाकले, जणू हातात आलेले परत जाते हे त्यांना ठाऊकच होते. त्या मुकाट हातांनी मी जास्त हादरलो.

भिंगरीने मात्र माझा कोपरा दातांत धरला.

मोठ्या बाई काही दुष्ट नव्हत्या. त्यांनी भिंगरीच्या आईला शांतपणे समजावले, “अहो, घरी नेली की मुलं फाडतात. इथं कपाटात नीट राहतील.”

आई धुलाईच्या दुकानात इस्त्री करायची. तिच्या बोटांवर चटक्यांचे डाग होते. ती म्हणाली, “फाडू दे की. हाताळल्याशिवाय पान उलटायला शिकेल कशी? तुम्ही तिला दिलंत ना, मग ते तिचं झालं. परत हवं तर तिच्याकडं मागा.”

बाईंनी वाकून हात पुढे केला. भिंगरीने मला फ्रॉकखाली दडवले. लस टोचणाऱ्या सिस्टर खाली मान घालून उभ्या होत्या. शेवटी बाई म्हणाल्या, “राहू दे एक.”

असा मी एकटा घरी आलो. आई अक्षरे लावत, अडखळत वाचायची. फार दमली असली की पिल्लाला दुसऱ्याच पानावर घरी पोचवून झोपवायची. भिंगरी मुळीच खपवून घेत नसे, पुन्हा पहिल्या पानावर आणायची. भुंकणाऱ्या कुत्र्याचे पान तिने स्वतः ओढून ओढून काढले. पिल्लू घाबरते म्हणून. मला दुखले, पण राग आला नाही.

पुढे तिला भाऊ झाला. त्याला लस टोचायला आई गेली, तेव्हा मीही भिंगरीच्या काखेत होतो. सिस्टरांनी मला ओळखले. भिंगरी त्यांना म्हणाली, “ह्याला पण द्या. हे माझं आहे.”

सिस्टरांनी भिंतीलगतचे लाकडी कपाट उघडले. काचेआड माझी भावंडे ओळीने उभी होती, कोरी, चकचकीत. मला क्षणभर हेवाच वाटला. सिस्टरांनी एक बाहेर ओढले. हातात आले ते नुसते मुखपृष्ठ! आतला भुगा त्यांच्या पांढऱ्या कपड्यांवर सांडला. दुसऱ्याचे तेच, तिसऱ्याचेही तेच. भिंतीतून आलेल्या वाळवीने त्यांना आतून फस्त केले होते, आणि ती एकदाही उघडली न गेल्याने कुणाला पत्ताच लागला नव्हता.

 भिंगरी भुग्याकडे बघत राहिली. मग तिने विचारले, “कुणी फाडली?”

सिस्टर गुडघ्यांवर बसल्या. “आम्ही, बाळा,” त्या म्हणाल्या.

वरच्या खणातली काही वाचली होती. सिस्टरांनी कुणाला न विचारता ती बाकावरच्या मुलांना वाटून टाकली. एक भिंगरीच्या भावाला मिळाले. त्याने लगेच ते तोंडात घातले.

मोठ्या बाई दुसऱ्या दिवशी आल्या. त्यांनी तो भुगा स्वतःच्या हातांनी भरून काढला. तेव्हापासून गठ्ठे आले की बाकावरच सुटतात, फोटो कुणी काढत नाही, असे सिस्टरांनी आईला पुढे सांगितले. माझ्या भावंडांना मात्र ते कधी कळायचे नाही. 

मित्रांनो, आम्हाला जपा, पण आम्हाला कुलपात ठेवू नका. आम्ही चुरगळू, मळू, चावलेही जाऊ. आणि एखाद्या लहानग्याला पुस्तक द्याल तेव्हा एवढेच करा, त्याने ते धरले की आपला हात काढून घ्या.