शिखरावरचा ढग

टेक्सासातल्या शुगर लँडमध्ये डोंगर नाही. टेकाडही नाही. जमीन इतकी सपाट की ड्राइव्हवेवर सांडलेल्या पाण्याला कुठे वाहावं तेच कळत नाही. अशा गावात चंद्रशेखर नेरूरकर गेली चौदा वर्षं गिर्यारोहक म्हणून प्रसिद्ध होते. महाराष्ट्र मंडळाच्या हायकिंग कमिटीचे ते तहहयात अध्यक्ष. ही कमिटी दर शनिवारी तळ्याभोवती तीन फेऱ्या मारायची आणि मग कोणाच्या तरी घरी पोहे खायची. बूट कुठले घ्यावेत, उंचीवर श्वास कसा घ्यावा, अस्वल समोर आलं तर काय करावं, हे सगळं लोक त्यांना विचारायचे आणि तेही थोडे आढेवेढे घेऊन सांगायचे. अस्वल त्यांनी ह्यूस्टनच्या झूमध्ये पाहिलं होतं.

सगळी कीर्ती उभी होती ती एका शिखरावर. कोलोरॅडोतलं ग्रे मेअर पीक, उंची तेरा हजार फुटांच्या वर. २०११च्या उन्हाळ्यात चंद्रशेखर एकटे त्याच्या माथ्यावर जाऊन आले, असं सगळं शुगर लँड मानत होतं. खरी गोष्ट एवढीच होती की त्या माथ्याच्या आसपासही ते कधी फिरकले नव्हते.

आता ते खोटं बोलले असं म्हणावं, तर तसंही नाही. त्या दिवशी दुपारी एकच्या सुमाराला ते डोंगर उतरून, पायथ्याला घरची मंडळी थांबली होती त्या पिकनिक टेबलापाशी आले, तेव्हा पोटात कावळे ओरडत होते. त्यांनी आल्या आल्या अख्खा धपाटा तोंडात कोंबला. तेवढ्यात त्यांची बायको शुभा आपल्या वडिलांना म्हणाली, "बघा बाबा, आले वर जाऊन!" चंद्रशेखरनी मान हलवली ती घास गिळण्यासाठी. घास खाली उतरेपर्यंत सासरेबुवांनी त्यांना मिठी मारली होती, आणि मिठीत असलेल्या माणसाने खुलासे करायचे नसतात.

पुढे गोष्ट आपली आपण वाढली. पहिल्या वर्षी नुसतं शिखर होतं. तिसऱ्या वर्षी त्यात गारा पडल्या. पाचव्या वर्षी अर्ध्यातून परतणाऱ्या एका गोऱ्या माणसाने त्यांच्याशी हस्तांदोलन केलं. गारा कोणी पाडल्या हे चंद्रशेखरना कधी कळलंच नव्हतं. शुभा सांगायची आणि ते "अहो, त्यात काय एवढं" म्हणायचे. ते शब्दशः खरं होतं, पण लोक त्याला विनय समजायचे. मंडळात इंजिनियर चाळीसेक तरी असतील. एकानेही कधी अंतराला वेळेने भागून पाहिलं नाही.

भागून पाहिलं ते प्रीताने.

प्रीता म्हणजे नागपूरच्या देवधरांची इथेच जन्मलेली मुलगी. पार्क आखायचं शिक्षण घेतलेली, पण आता घरच्या गॅरेजमध्ये बसून नकाशे काढायची. साधे नकाशे नव्हेत. लोक उन्हाळ्यात ज्या डोंगरांवर आणि पार्कात जाऊन येत, त्यांचे हाताने रंगवलेले नकाशे. त्यात उंच कडे, निळी तळी, हरणं, कुठल्या वळणावर गाडी तापली, कुठे आजीची चप्पल नदीत गेली, सगळं असायचं. शुगर लँडमधल्या अर्ध्या मराठी घरांत सोफ्याच्या वर प्रीताचा नकाशा होता. चंद्रशेखरना साठावं लागणार म्हटल्यावर शुभाने परस्पर ऑर्डर देऊन टाकली. ग्रे मेअर, तीन फूट बाय चार फूट.

"तुम्ही फक्त जाऊन तिच्याशी बोलून या," ती म्हणाली. "तिला वरचे डिटेल्स हवेत म्हणे."

चंद्रशेखरांची पाचावर धारण बसली. दोन शनिवार त्यांनी गुडघ्याचं कारण सांगून टाळले, तिसऱ्याला शुभानेच त्यांना गाडीत बसवलं आणि पाठवून दिलं.

प्रीताच्या गॅरेजमध्ये एसी घरघरत होता. टेबलावर खालून दिवा लावलेली काच, तिच्यावर समोच्च रेषांचा कागद आणि त्यावर पेन्सिलीने नुकता कुठे उमटू लागलेला डोंगर. चंद्रशेखरनी तो ओळखला आणि नजर वळवली.

"बसा काका. मी सगळ्यांना तीनच क्वेश्चन्स विचारते. काय खाल्लं, काय दुखलं, आणि मागे वळून बघितलं तेव्हा काय दिसलं."

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं त्यांनी झकास दिली. धपाटे, आणि डावा गुडघा. तिसऱ्याला त्यांनी घसा साफ केला.

"अहाहा! काय सांगू तुला! चहूकडे नुसते डोंगर, बर्फ, ती शांतता..."

"ओके. डावीकडे काय होतं?"

"डावीकडे... डोंगर."

"उजवीकडे?"

"उजवीकडेसुद्धा डोंगरच गं."

प्रीताची पेन्सिल हलली नाही. तिने लॅपटॉप थोडा त्यांच्याकडे वळवला. "काका, हा ट्रेल जाऊन-येऊन नऊ माइल्स आहे. क्लाइम्ब साडेतीन हजार फूट. शुभा काकू म्हणाल्या की तुम्ही आठला निघालात आणि एकला परत आलात. आदल्या दिवशी टेक्सासहून ड्राइव्ह करून." ती अगदी प्रेमाने बोलत होती, म्हणून जास्तच अवघड झालं. "फिट लोकांना सात तास लागतात."

चंद्रशेखर काचेवरच्या डोंगराकडे बघत राहिले. चौदा वर्षं कोणी पकडलं नव्हतं आणि आता पकडल्यावर त्यांना चक्क बरं वाटलं.

"दीड मैल गेलो असेन," ते म्हणाले. "मग श्वासच पुरेना. एका झाडाखाली बसलो. ख्रिसमस ट्रीसारखं झाड होतं, मोठं. फोन काढून बघितला तर सिग्नल नाही. प्रीता, तुला सांगतो, त्या वेळी ग्रीन कार्डाची फाइल सात वर्षं अडकलेली. ऑफिसात दर महिन्याला कोणाला तरी घरी पाठवत होते. घरात सासू-सासरे सहा महिन्यांसाठी आलेले, पोरं लहान. आणि त्या झाडाखाली मला कोणी हाक मारू शकत नव्हतं. मी झोपलो. तीन तास."

"सो व्हॉट? छान आहे ते."

"छान काय? खाली शुभा एकटी. तिचे आईवडील, अनीश सात वर्षांचा, राधिका चार वर्षांची, तो डुगडुगता स्टोव्ह, ते धपाटे. ती सगळं निस्तरत होती आणि मी घोरत होतो. शिखर राहिलं त्याचं मला कधीच काही वाटलं नाही गं. पण हे तिला कळलं तर... ती लोकांना किती कौतुकाने सांगते. हा नकाशा कॅन्सल नाही का करता येणार?"

"काकूंची ऑर्डर आहे."

"मग मला वर काढून टाक. हातात झेंडा दे."

"मी खोटं काढत नाही, काका," प्रीता म्हणाली. मग जरा विचार करून म्हणाली, "डोंगर दीडपट उंच काढते, ते वेगळं. नाहीतर ज्याचा त्याला तो ओळखू येत नाही. पण माणूस जिथे नव्हता तिथे नाही काढत. आणि जिथलं मला माहीतच नसतं तिथे ढग घालते. ते झाड ट्रेलच्या कुठल्या साइडला होतं?"

"उजव्या," चंद्रशेखर नकळत म्हणाले. म्हटल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला.

पुढचे पंधरा दिवस वाईट गेले. नकाशा तयार होईपर्यंत प्रीता तो कोणालाच दाखवत नसे. त्यामुळे आपण कुठे असणार, माथ्यावर, झाडाखाली की घोरत, याचा त्यांना पत्ता नव्हता. साठ माणसांसमोर बायकोला कळण्यापेक्षा आधी आपणच सांगावं, असं त्यांनी तीनदा ठरवलं. पहिल्यांदा गाडीत ठरवलं, तर शुभा श्रीखंड किती लागेल याचा हिशोब करत होती. दुसऱ्यांदा स्वयंपाकघरात, तर मिक्सर चालू होता. तिसऱ्यांदा मिक्सर बंद होता, ती एकटी होती, वेळही होता. तेव्हा त्यांनी विचारलं, "चहा टाकू?"

रविवारी दुपारी कम्युनिटी हॉलमध्ये मंडळी जमली. औक्षण झालं. अनीशने चादर ओढली आणि नकाशा दिसला.

नकाशा खरोखर देखणा होता. खाली पिकनिक टेबल, त्याच्याभोवती सासू-सासरे, दोन पोरं, स्टोव्ह, आणि हिरव्या ओढणीची शुभा. वर जाणारी नागमोडी वाट. अर्ध्याच्याही अलीकडे, वाटेच्या उजवीकडे एक मोठं, गर्द झाड. त्याखाली गडद सावली, बस्स. आणि माथा जिथे असायचा तिथे एक भलामोठा पांढरा ढग.

"बाबा, व्हेअर आर यू?" राधिकाने विचारलं.

चंद्रशेखर खुर्चीतल्या खुर्चीत मागे सरकले. तेवढ्यात मंडळाचे सेक्रेटरी विनय पुढे झाले, चष्मा वर करून त्यांनी नकाशाला जवळजवळ नाक लावलं.

"अगं, वर आहेत ना! ढगाच्या आत. पीकवर क्लाउड कव्हर असतंच. हे बघ, इथे टोपी दिसतेय. यार, काय डिटेलिंग आहे!"

मग सगळ्यांनाच टोपी दिसली. एका काकूंना तर काठीही दिसली. प्रीता कोपऱ्यात उभी राहून समोसा खात होती.

चंद्रशेखरना मात्र हे सहन होईना. ढगाच्या आतसुद्धा लोक आपल्याला वर चढवून ठेवतात म्हणजे हद्द झाली. ते उठून उभे राहिले. "मंडळी, मला एक सांगायचंय. त्या दिवशी खरं म्हणजे..."

"यांना नाही सांगता येत," शुभा मधेच म्हणाली. "मीच सांगते." आणि तिने सांगितलं. पहाटेची थंडी, एकट्याची वाट, गारा, गोरा माणूस. या वेळी गारा लिंबाएवढ्या होत्या. साठ माणसांनी टाळ्या वाजवल्या. चंद्रशेखर खाली बसले. यापुढे जन्मात खरं सांगता येणार नाही हे त्यांना कळून चुकलं, आणि इतक्या टाळ्यांमध्ये त्यांना फार एकटं वाटलं.

मंडळी जेवणाच्या रांगेकडे वळली. नकाशापाशी दोघंच उरली. शुभा बराच वेळ चित्र बघत होती. मग तिने बोट त्या झाडावर ठेवलं.

"झाड हुबेहूब काढलंय पोरीने," ती हळूच म्हणाली. "फक्त चढताना ते डाव्या हाताला होतं."

चंद्रशेखरनी तिच्याकडे पाहिलं. ती झाडाकडेच बघत होती.

"तू... तुला कसं माहीत?"

"दहा वाजले तरी तुमचा पत्ता नाही. बाबांना म्हटलं पोरांकडे बघा, मी जरा बघून येते. बूट उशाला घेऊन झोपला होतात. तोंड उघडं."

चंद्रशेखरना चौदा वर्षांची शरम एकदम वाटली आणि तिच्या मागोमाग थोडा रागही आला. "मग त्या गारा? तो गोरा माणूस?"

"बाबांनी विचारलं, जावई कुठेत. झाडाखाली झोपलेत असं सांगू? वर गेलेत म्हटलं. एकदा वर पाठवल्यावर मग नीट पाठवायला नको?"

"मला उठवायचं तरी होतंस, शुभा. मी चौदा वर्षं..."

"शेजारी बसले होते मी," शुभा म्हणाली. "चांगला अर्धा तास. ना आई, ना पोरं, ना कोणाचं काही मागणं. नुसतं बसायचं." तिने बोट काढून घेतलं आणि पदर नीट केला. "तुम्हाला उठवलं असतं, तर दोघांनाही खाली जावं लागलं असतं."